खोबरेल तेल आणि मेदाचा खजिना

पुण्याला, नागपूरला किंवा इंदूरला राहणाऱ्या श्रोत्यांना पौष महिन्यातले एक दृश्य चांगले परिचयाचे असेल. सकाळी डोक्याला लावण्यासाठी खोबरेल तेलाची बाटली हाती घ्यावी, तर तेल गोठून पांढरे झालेले असते, आणि बाटली थोडा वेळ उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवल्यावाचून तिच्यातून थेंबही बाहेर येत नाही. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल त्याच फडताळात, त्याच थंडीत खुशाल पातळ राहते. कारवार-गोव्याकडील मंडळींना आणि नोकरीनिमित्त केरळात जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना हे तेल डोक्याप्रमाणेच कढईतही चालते हे ठाऊक असते. देशावरचा माणूस मात्र खोबरेलात तळलेले केळ्याचे वेफर पहिल्यांदा तोंडाशी नेताना किंचित बिचकतो. ज्याला जे लहानपणी मिळाले ते त्याला रुचते. त्या वादात शास्त्राने पडण्याचे कारण नाही.

परंतु गेल्या काही वर्षांत ह्या तेलाविषयी एक निराळीच समजूत दूरवर पसरली आहे, आणि तिच्यात मात्र शास्त्राने पडलेच पाहिजे. समजूत अशी की, इतर तेले अंगावर चरबी म्हणून साठतात, खोबरेल साठत नाही. ते पोटात गेले की थेट जळून जाते, आणि जाता जाता आधी साठलेली चरबीही वितळवते. ही समजूत निव्वळ भाकड म्हणून झिडकारता येईल अशी नाही. तिच्या मुळाशी खऱ्या शास्त्राचा अंश आहे. अडचण एवढीच की, तो अंश प्रत्यक्षात दुसऱ्याच एका तेलाविषयीचा आहे, आणि खोबरेल त्या तेलाच्या पुण्याईवर मिरवीत आहे. हे कसे घडले ते समजून घ्यावयाचे तर आपल्याला तेलाच्या रेणूपासून आरंभ करून मेदपेशीच्या दारापर्यंत जावे लागेल.

तेल, तूप, लोणी, चरबी ह्या सर्वांची घडण मुळात एकच आहे हे मिशेल शेव्रल ह्या फ्रेंच रसायनज्ञाने दाखविले. साबणाचा अभ्यास करता करता त्याला आढळले की, कोणताही मेद फोडला असता त्यातून एक गोडसर द्रव, म्हणजे ग्लिसरीन, आणि काही आम्ले बाहेर पडतात. प्राणिज मेदांवरील त्याचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हा गृहस्थ पुढे १०२ वर्षांचा होऊन वारला; तेला-तुपाचा सहवास त्याला तरी बाधलेला दिसत नाही.

शेतातले तीन दात्यांचे दाताळे डोळ्यांसमोर आणा. आडवी पट्टी म्हणजे ग्लिसरीन, आणि तिला जडविलेले तीन दाते म्हणजे मेदाम्ले. प्रत्येक दाता ही कर्बाच्या अणूंची एक साखळी असते. शेंगदाणा, करडई, तीळ ह्यांच्या तेलांतील बहुतेक साखळ्या १८ कर्बांच्या, आणि त्यातल्या पुष्कळशा मध्येच वाकलेल्या असतात. वाकलेल्या काटक्यांची मोळी नीट बांधता येत नाही, तशी ही तेले सहजी गोठत नाहीत. ह्या वाकलेल्या साखळ्यांना असंपृक्त आणि सरळ साखळ्यांना संपृक्त म्हणतात. खोबरेलातील दहापैकी जवळजवळ नऊ साखळ्या सरळ, म्हणजे संपृक्त आहेत. म्हणून ते गोठते. पण त्या आखूड असल्यामुळे त्यांची मोळी फार घट्ट बसत नाही, आणि २४-२५ अंश सेल्सियसलाच ती सुटते. थंडीतल्या त्या बाटलीचे रहस्य एवढेच आहे.

ह्या आखूड साखळ्यांची नावे मोठी गंमतीची आहेत. ८ कर्बांचे ते कॅप्रिलिक आम्ल आणि १० कर्बांचे ते कॅप्रिक आम्ल. लॅटिन भाषेत शेळीला 'काप्रा' म्हणतात, आणि ह्या आम्लांना शेळीच्या अंगासारखा उग्र वास येतो, म्हणून ही नावे. १२ कर्बांचे लॉरिक आम्ल हे नाव मात्र लॉरेल वृक्षावरून पडले, कारण त्याच्या फळांतील मेदात ते प्रथम सापडले. आता खोबरेलाचा ताळेबंद मांडू. शेळीच्या नावाची दोन्ही आम्ले मिळून सुमारे १३ ते १५ टक्के; लॉरिक जवळजवळ निम्मे, ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास; १४ कर्बांचे मिरिस्टिक १८ टक्क्यांच्या घरात; उरलेल्यात १६ व १८ कर्बांची लांब आम्ले. घाण्यावरचे असो, कारखान्यातले असो, की हल्ली 'व्हर्जिन' म्हणून महाग विकले जाते ते असो, हा ताळेबंद जवळजवळ तोच राहतो. वास निराळा, रंग निराळा, किंमत तर फारच निराळी, दाते तेच.

हे आकडे ध्यानात ठेवावेत अशी विनंती आहे. पुढचा सारा खटला त्यांच्यावर उभा आहे.

तेल पोटात गेल्यावर लहान आतड्यात पित्त त्याचे बारीक बारीक थेंब करते आणि स्वादुपिंडातून आलेला पाचकरस दाताळ्याचे दाते सुटे करतो. सुटे झालेले दाते आतड्याच्या पेशीत शिरतात. येथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. लांब साखळ्या पेशीच्या आत पुन्हा पट्टीवर जडविल्या जातात, त्यांचे सूक्ष्म गोळे तयार होतात, त्यांवर प्रथिनांचे पातळ वेष्टन चढते, आणि हे गोळे रक्तात न जाता लसीकावाहिन्यांत उतरतात. १६२२ मध्ये इटलीतील गास्पारे आसेल्ली हा शरीरशास्त्रज्ञ नुकत्याच जेवलेल्या एका कुत्र्याचे विच्छेदन करीत असता त्याला आतड्याभोवती पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. प्रथम ते मज्जातंतू असावेत असे त्याला वाटले; पण एक दोरा कापताच आतून दुधासारखा द्रव आला. ते मेदाने भरलेल्या लसीकेचे प्रवाह होते. ते सारे छातीतील एका नलिकेत एकत्र येतात आणि डाव्या बाजूला मानेच्या बुडाशी रक्तात मिसळतात. म्हणजे जेवणातला हा मेद यकृताला बगल देऊन थेट हृदयाकडे, आणि तेथून सर्व शरीरभर फिरतो. वाटेत मेद-ऊतकातील व स्नायूंतील केशवाहिन्यांच्या भिंतींवर एक एन्झाइम चौकीवर बसल्यासारखे असते. ते पुन्हा दाते सुटे करते, आणि सुटे दाते शेजारच्या पेशीत ओढले जातात. जेवणानंतर रक्तात इन्शुलिन वाढलेले असते, आणि त्याच्या हुकमाने मेद-ऊतकाची दारे त्या वेळी सताड उघडी असतात.

मेदपेशी ही मोठी विलक्षण वस्तू आहे. भरलेल्या पेशीचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. त्यातली जवळजवळ सगळी जागा मेदाचा एकच मोठा थेंब व्यापतो, आणि बिचारे केंद्रक कडेला दाबले जाऊन पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. मध्यम बांध्याच्या निरोगी पुरुषाच्या अंगावर अशा पेशींत मिळून १० ते १५ किलो मेद असतो. पिष्टमय अन्नाचा साठा यकृतात व स्नायूंत मिळून जेमतेम अर्धा किलो, आणि तोही आपल्याबरोबर दुप्पट-तिप्पट पाणी बाळगणारा. मेदाला पाण्याचे हे ओझे नाही, शिवाय एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी. दुष्काळासाठी साठा करावयाचा तर निसर्गाला ह्याहून सोयीचे द्रव्य मिळाले नसते.

हा साठा म्हणजे अडगळीची खोली, जेवणात फाजील झाले तर टाकायचे आणि उपास पडला तरच उघडायचे, असे विसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशापर्यंत शास्त्रज्ञही मानीत. हे मत रुडॉल्फ शोनहाइमर आणि डेव्हिड रिटनबर्ग ह्या दोघांनी १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात केलेल्या प्रयोगाने कोसळले. शोनहाइमर हा हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेला. त्या दोघांनी जवसाच्या तेलात जड हायड्रोजन मिसळवून, म्हणजे तेलाच्या रेणूंवर जणू खूण करून, ते उंदरांना खाऊ घातले. अपेक्षा अशी की, थोडेसेच तेल, ते तर लगेच जळून जाईल. प्रत्यक्षात आढळले ते असे की, खुणेच्या तेलाचा मोठा भाग प्रथम मेदाच्या साठ्यात गेला. उंदरांना अन्न अपुरे मिळत होते तेव्हाही तो साठ्यातच गेला, आणि जळायचे ते साठ्यातून निघून जळले.

सरकारी कोषागाराचे काम पाहिलेल्या माणसाला हा प्रकार चटकन उमजावा. आलेली रक्कम चलनाने आधी खजिन्यात जमा होते आणि खर्चाची उचल खजिन्यातून होते. आलेल्या पैशातून परस्पर खर्च भागविणे हे तेथे बसत नाही. मेदपेशीचा कारभार बराचसा असाच आहे. दिवसा जमा, रात्री उचल. आज शिल्लक किती, हे जमेवरही नाही आणि उचलीवरही नाही, दोहोंच्या वजाबाकीवर ठरते. ह्यापुढचा तपशील स्वीडनमधील संशोधकांनी मिळविला, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती अजब होती. १९५० नंतर अणुबाँबच्या उघड्यावरील चाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कर्ब वाढला, आणि १९६३ च्या बंदीनंतर तो हळूहळू कमी होत गेला. त्या कर्बाच्या प्रमाणावरून पेशी कोणत्या साली जन्मली हे सांगता येते. २००८ मध्ये त्यांनी दाखविले की, मेदपेशींची संख्या बालपणी व कुमारवयात ठरते. पुढे ती सहसा हलत नाही. दर वर्षी सुमारे दहावा हिस्सा पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. त्याच रीतीने २०११ मध्ये पेशीतील मेदाचे वय काढण्यात आले. ते सरासरी दीड वर्षाहून थोडे अधिक भरले. म्हणजे दहा वर्षे जगणाऱ्या पेशीतला माल तेवढ्या काळात सहा वेळा बदलतो. स्थूल माणसात ही उचल मंदावते. ज्या बाँबने जगाला धाक घातला त्याच्या राखेने आपल्या पोटावरच्या वळीचे वय सांगावे, हा एक चमत्कारिकच योग म्हणायचा.

आता रस्त्याच्या दुसऱ्या फाट्याकडे वळू. आठ आणि दहा कर्बांच्या आखूड साखळ्या पाण्यात थोड्या सहज मिसळतात. त्यांना पुन्हा पट्टीवर जडवावे लागत नाही, वेष्टन लागत नाही, लसीकेचा वळसाही लागत नाही. आतड्यातून त्या सरळ रक्तात उतरतात आणि यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेतून यकृतात पोचतात. पेशीत मेद जाळण्याचे काम तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्यांत चालते. लांब साखळ्यांना त्या भट्टीत शिरण्यासाठी कार्निटीन नावाच्या वाहकाचा परवाना लागतो. आखूड साखळ्या परवान्यावाचून आत जातात. साहजिकच त्यांचा मोठा भाग यकृतातच जळून जातो, आणि मेदपेशीपर्यंत फार थोड्या पोचतात.

हाच तो शास्त्राचा खरा अंश. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत ह्या ज्ञानाचा उपयोग करून एक तेल तयार झाले. खोबरेल किंवा तत्सम तेल फोडून त्यातील ८ व १० कर्बांची आम्ले तेवढी वेगळी काढावयाची आणि ती पुन्हा ग्लिसरीनवर जडवावयाची. डॉक्टर मंडळी त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून एमसीटी म्हणतात. आपण मध्यम साखळीचे तेल म्हणू. ज्यांना साधा मेद पचत नाही अशा रुग्णांसाठी ते औषध म्हणून निघाले. पुढे निरोगी माणसांवर प्रयोग झाले, आणि इतर तेलांऐवजी हे तेल दिले असता वजन किंचित कमी होते असे दिसले. किंचित म्हणजे किती? असे अनेक प्रयोग एकत्र करून २०१५ मध्ये जे मोजमाप प्रसिद्ध झाले त्यात हा फरक सरासरी अर्ध्या किलोच्या जवळपास भरला. अर्धा किलो काही फार नाही. पण तो खरा आहे.

आणि आता घोटाळा पाहा. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ६ पासून १२ कर्बांपर्यंतच्या साखळ्यांना 'मध्यम' म्हणण्याची रीत आहे. त्या व्याख्येप्रमाणे खोबरेलातले लॉरिक आम्ल मध्यम ठरते, आणि मग खोबरेलाचे साठ टक्के 'मध्यम साखळीचे' झाले. झाले! मध्यम साखळीच्या तेलाचे सारे प्रशस्तिपत्र खोबरेलाच्या गळ्यात पडले. परंतु आतडे पुस्तक वाचून काम करीत नाही. १२ कर्बांची साखळी त्याला पुरेशी लांब वाटते, आणि लॉरिक आम्लाचा बहुतांश ते पहिल्याच फाट्याने, वेष्टन चढवून, लसीकेतून धाडते. लॉरिक आम्ल नावाने मध्यम, पण वागणुकीने लांब साखळ्यांच्या पंगतीत बसणारे आहे. दुसऱ्या फाट्याने निश्चित जाणारा भाग म्हणजे शेळीच्या नावाचे ते १३-१५ टक्के.

लॉरिक आम्ल मेदपेशीत खरोखर साठते का, ह्याचे उत्तर तर्काने देण्याची गरज नाही. माणसाच्या मेदाचा कण घेऊन ते पाहिलेले आहे. प्रशांत महासागरात सामोआच्या उत्तरेस टोकेलाऊ नावाची तीन प्रवाळबेटे आहेत, आणि कुक बेटांपैकी पुकापुका हे दुसरे एक. न्यूझीलंडच्या संशोधकांनी ह्या दोन्ही ठिकाणच्या लोकांचा अभ्यास करून १९८१ मध्ये तो प्रसिद्ध केला. टोकेलाऊच्या लोकांना आहारातील ६३ टक्के ऊर्जा नारळातून मिळत होती, पुकापुकाच्या लोकांना ३४ टक्के. त्यांच्या त्वचेखालील मेदाचा सूक्ष्म तुकडा तपासला तेव्हा त्यात लॉरिक आणि मिरिस्टिक आम्लांचे प्रमाण भरपूर आढळले. नारळ खाणाऱ्याच्या मेदपेशीवर नारळाची मुद्रा अशी स्पष्ट उमटलेली असते. जे साठतच नाही ते तेथे आले कोठून?

दोन्ही बेटांवर हृदयविकार व रक्तवाहिन्यांचे रोग विरळ होते, आणि खोबरेलाचे पुरस्कर्ते हा दाखला हटकून देतात. दाखला खरा आहे. मात्र ते लोक बाटलीतले तेल पीत नव्हते. नारळाचा गर त्यातील चोथ्यासकट खात होते, सोबत मासे होते, साखर फारशी नव्हती, आणि होडी वल्हविणे व माडावर चढणे हे नित्याचे होते. टोकेलाऊकरांचे रक्तातील कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या लोकांपेक्षा ३५ ते ४० मिलिग्रॅमने अधिक होते, हेही त्याच अहवालात आहे. पुढे टोकेलाऊचे पुष्कळ लोक न्यूझीलंडला स्थायिक झाले. तेथे त्यांच्या ताटातला नारळ कमी झाला, आणि वजने मात्र वाढली. मेदपेशीला नारळ गेला की आला ह्याचे सोयरसुतक नव्हते. तिने शिल्लक मोजली.

लॉरिक आम्लाच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरनिराळ्या मेदाम्लांवर खूण करून ती माणसांना देण्यात आली. ९ तासांत लॉरिक आम्लाचा ४१ टक्के भाग जळाला, तर १८ कर्बांच्या सरळ साखळीचा, म्हणजे स्टिअरिक आम्लाचा, केवळ १३ टक्के. तेव्हा लॉरिक आम्ल जरा लवकर जळते हे मान्य केले पाहिजे. परंतु येथे लेखापालाची नजर हवी. शरीराला दिवसाला लागणारी ऊर्जा ठरलेली आहे. खोबरेलाने तिचा काही भाग भरला, तर तेवढ्या वेळात पोळीतील पिष्ट आणि आमटीच्या फोडणीतले शेंगदाणा तेल जळावयाचे राहिले, आणि ते खजिन्यात गेले. एका लेखाशीर्षाखाली वाचलेली रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली जमा झाली म्हणून एकूण खर्च घटत नसतो.

प्रत्यक्ष खोबरेल देऊन केलेल्या प्रयोगांचा निकालही असाच आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझिलमधील एका प्रयोगात पोट सुटलेल्या ४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज ३० मिलिलिटर खोबरेल आणि निम्म्यांना तितकेच सोयाबीनचे तेल १२ आठवडे दिले. सगळ्यांचाच आहार कमी केलेला होता, सगळ्याच रोज चालत होत्या. वजन उंचीच्या मानाने दोन्ही गटांत घटले. कंबरेचा घेर खोबरेलाच्या गटात तेवढा थोडा उतरला. ह्या एका घेरावर पुष्कळ जाहिराती उभ्या राहिल्या आहेत. २०२० मध्ये अशा सोळा अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा इतर वनस्पतितेलांच्या तुलनेने खोबरेलाचा वजनावर, कंबरेवर किंवा शरीरातील मेदाच्या प्रमाणावर काहीही उल्लेखनीय परिणाम आढळला नाही. अपायकारक म्हणून ओळखले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल मात्र सुमारे १० मिलिग्रॅमने वाढलेले दिसले. त्याबरोबर हितकर मानलेले एचडीएलही ४ मिलिग्रॅमने वाढले होते. केरळात हृदयविकाराच्या २०० रुग्णांवर दोन वर्षे चाललेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी खोबरेलात स्वयंपाक केला, निम्म्यांनी सूर्यफुलाच्या तेलात. नेहमीचे औषधोपचार दोघांनाही चालू होते. दोन वर्षांनी दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या अवियलावर खोबरेल घेणाऱ्या गृहिणीने घाबरून जावे असे ह्यात काही नाही, आणि देशावरच्या गृहिणीने करडई सोडून खोबरेलाकडे धावावे असेही काही नाही.

धोका आहे तो तिसऱ्याच रीतीत. माझ्या परिचयाचे एक अधिकारी रोज सकाळी अनशापोटी खोबरेलाचे दोन मोठे चमचे घेतात. जेवणात काही कमी केले का, असे विचारता ते म्हणाले, "छे हो, हे औषध आहे, आहार नव्हे." आता दोन मोठे चमचे म्हणजे २७ ग्रॅम तेल, म्हणजे जवळजवळ २४० किलोकॅलरी. महिन्याच्या ७,२०० झाल्या. एक किलो मेद-ऊतकात साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. शरीर हिशेबात थोडीफार काटछाट करते, त्यामुळे दर महिन्याला किलोभर वजन वाढेलच असे नाही. पण जमेची बाजू कोणती हे स्पष्ट आहे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनाप्रमाणे संपृक्त मेद एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावा. २,००० किलोकॅलरींच्या आहारात तो २२ ग्रॅम होतो. न्याहारीपूर्वीच ह्या गृहस्थांचा दिवसाचा वाटा संपलेला असतो.

आपल्या लोकांच्या बाबतीत हा हिशेब आणखी नाजूक होतो, आणि त्याचे कारण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या संशोधनात सापडते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान, पण त्वचेखालचा मेद त्यांनी त्या मानाने राखलेला. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी आपल्या एका इंग्रज सहकाऱ्यासह स्वतःचेच छायाचित्र 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात छापले. वजन-उंचीचा निर्देशांक दोघांचा तंतोतंत एकच, २२.३. शरीरातील मेद मात्र इंग्रजाचा ९.१ टक्के आणि पुणेकराचा २१.२ टक्के. तराजूवर सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून मेदस्वी असू शकतो. त्वचेखालची कोठारे भरली की मेद यकृतात आणि स्नायूंत उतरतो, आणि मधुमेहाची वाट तेथून सुरू होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील प्रयोगात स्थूल माणसांना तीन आठवडे रोज १,००० किलोकॅलरी जास्तीच्या दिल्या. ज्यांना त्या खोबरेल, लोणी व चीज ह्यांतून मिळाल्या त्यांच्या यकृतातील मेद ५५ टक्क्यांनी वाढला. ज्यांना असंपृक्त मेदातून मिळाल्या त्यांचा १५ टक्क्यांनी. एकट्या खोबरेलावर हे खापर फोडता येणार नाही. पण त्याला निर्दोष सोडताही येणार नाही.

नावाच्या घोटाळ्याची सर्वांत मोठी किंमत मात्र निरोगी माणूस मोजीत नाही. उत्तर प्रदेश-बिहारकडे हत्तीरोगाच्या जंतांमुळे काहींच्या लसीकावाहिन्या फुटून त्यातला मेद मूत्रात उतरतो, आणि लघवी दुधासारखी पांढरी होते. अशा रुग्णाला मध्यम साखळीचे तेल देतात ते लसीकेचा रस्ता टाळण्यासाठी. "तेच ते" म्हणून त्याला स्वस्त खोबरेल दिले तर निम्म्याहून अधिक तेल त्याच फुटक्या पाटात जाऊन पडते. काही बालकांत लांब साखळ्या जाळणारे एन्झाइम जन्मतःच नसते. त्यांना मध्यम साखळीचे तेल हा जीवनाचा आधार असतो, आणि खोबरेलातले मिरिस्टिक व पामिटिक त्यांना जाळता येत नाही. ह्याच्या अगदी उलट, आणखी काही बालकांत मध्यम साखळ्या जाळणारे एन्झाइम नसते. त्यांना मध्यम साखळीचे तेल आणि खोबरेल ही दोन्ही वर्ज्य. असे बाळ एरवी हसते-खेळते दिसते. तापाने दोन वेळा दूध टाकले की रक्तातील साखर झपाट्याने उतरून ते बेशुद्ध पडू शकते. पुष्कळ देशांत म्हणून नवजात बालकाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो तपासण्याची पद्धत आहे. त्या थेंबात मुख्यतः ज्याचा शोध घेतात ते आठ कर्बांच्या त्याच कॅप्रिलिक आम्लाचे कार्निटीनशी झालेले संयुग असते.